कळसूबाईपेक्षा बुटका डोंगर

ब्रिटनमध्ये कळसूबाईपेक्षा उंच डोंगर एकही नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस, म्हणजे या देशाचा सर्वोच्च माथा, १,३४५ मीटर. साधारण आपल्या महाबळेश्वरच्या पठाराएवढा. वेल्समधला स्नोडन १,०८५ मीटर आणि इंग्लंडमधला सगळ्यात उंच स्काफेल पाइक ९७८. कॉलेजात असताना दर शनिवारी रात्रीची लोकल पकडून सह्याद्रीत गेलेल्या माणसाला हे आकडे वाचून हसू येतं. मलाही आलं होतं. तुम्ही या देशात नवीन असाल आणि येत्या रविवारी 'इथला एखादा छोटा डोंगर करून येऊ' असं मनात असेल, तर जाण्याआधी हे वाचा.

(स्नोडनला त्याच्या वेल्श नावानेच ओळखायचं असं तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने २०२२ मध्ये ठरवलं. ते नाव 'अर विद्वा'. पाट्यांवर ते दिसेल. इथे मी तुमच्या ओळखीचं स्नोडनच वापरतो.)

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार होता. माझा मावसभाऊ मँचेस्टरला एमएससी करायला येऊन तीन आठवडे झाले होते. हा पोरगा राजगड-तोरणा एका दिवसात करणारा, हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने चढलेला. लॅनबेरिस गावातून स्नोडनवर जी वाट जाते ती सगळ्यात सोपी म्हणून प्रसिद्ध आहे. शेजारून १८९६ पासून चालणारी छोटी रेल्वे थेट माथ्यावर जाते आणि वर कॅफे आहे. "दादा, जिथे चहाला रेल्वेने जाता येतं त्याला ट्रेक म्हणायचं का?" असं म्हणून तो जीन्स, सुती टीशर्ट आणि वर सुती हुडी अशा वेषात निघाला. मीही फार शहाणा नव्हतो. दोन रेनकोट होते, पाणी होतं, सँडविचं होती, आणि आपल्याला पावसाची सवय आहे हा विश्वास होता.

वर जाईपर्यंत काहीही झालं नाही. पाऊस लागला, पण चढ होता, अंग गरम होतं, गप्पा चालू होत्या. रेनकोटाची चेन उघडी ठेवूनच तो चालत होता. उतरताना क्लॉग्विनच्या जरा वर ओल्या दगडावरून त्याचा पाय सरकला आणि घोटा मुरगळला. फार नाही. दहा मिनिटं बसू, मग निघू असं ठरलं. दहाची वीस झाली. त्याला थंडी भरली, दात वाजायला लागले. मग तो माझ्यावर चिडला, कशावरून ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग मी त्याला रेनकोटाची चेन लाव म्हणालो आणि त्याला ती लावता येईना. चेनचं टोक हातात होतं, पण बोटं ऐकत नव्हती.

तेवढ्यात सत्तरीच्या घरातलं एक जोडपं वरून आलं. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, काही न विचारता पाठपिशवीतून नारिंगी कापडाचा एक गोळा काढला, झटकून उघडला आणि आम्हा चौघांच्या डोक्यावरून ओढून घेतला. आत त्यांनी त्याचं ओलं सुती काढायला लावलं, स्वतःचा कोरडा लोकरी स्वेटर घातला, आम्हा दोघांना आपापल्या पिशवीवर बसायला सांगितलं आणि गोड चहा पाजला. अर्ध्या तासाने माझा भाऊ पुन्हा नेहमीसारखा बोलायला लागला. लंगडत, आधार घेत, आम्ही खाली आलो.

त्या वेळी तिथलं तापमान आठ अंश असावं. बर्फ नव्हता, दरी नव्हती, वाट चुकली नव्हती. आम्ही चालण्याची तयारी करून गेलो होतो, थांबण्याची केली नव्हती. या देशातल्या छोट्या ट्रेकची सगळी मेख तिथे आहे, आणि ती समजायला शाळेतलं पदार्थविज्ञान पुरतं.

शरीराकडे घरखर्चासारखं बघा. उष्णतेची कमाई किती आणि खर्च किती? ७० किलोचा माणूस तासाला ४०० मीटर चढत असेल तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तो साधारण ७६ वॅट एवढं काम करतो (वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, भागिले ३,६०० सेकंद; करून बघा). पण स्नायू हे इंजिन म्हणून काही फार कार्यक्षम नाहीत. जाळलेल्या इंधनातली जेमतेम पाव ऊर्जा कामात जाते, बाकीची उष्णता होते. त्यात श्वास, हृदय, मेंदू वगैरेंचा कायमचा खर्च मिळवला की चढणारा माणूस म्हणजे सुमारे ४०० वॅटचा हीटर असतो. म्हणून तर आठ अंशांत, वाऱ्यात, ओल्या टीशर्टवरही आपल्याला छान वाटतं.

तोच माणूस दगडावर बसला की कमाई १०० वॅटवर येते. एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. काही मिनिटांत चतुर्थांश. खर्च मात्र तसाच राहतो, कारण वारा आणि पाऊस तुमच्यासाठी थांबत नाहीत.

आता हा खर्च कुठे कुठे होतो ते बघू. कपडे ऊब देतात म्हणजे काय करतात? स्वतः काहीच देत नाहीत. धाग्यांमध्ये हवा अडकवून ठेवतात. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे २५ पट चांगलं वाहक. सुती धागा पाणी नुसतं अंगावर धरत नाही, आत पितो, आणि मग दोन धाग्यांमधल्या हवेची जागाही पाणी घेतं. कपडा उरतो, ऊब संपते. पॉलिएस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या एक टक्काही पाणी पीत नाही, त्यामुळे पिळला की बराचसा कोरडा. लोकर पाणी पिते, पण तिचे कुरळे केस ओले झाले तरी चपटे पडत नाहीत, थोडी हवा धरून राहतात. खात्री करायची असेल तर जीन्स कोरडी असताना तोला, मग भिजवून हाताने पिळून पुन्हा तोला. वजन दुपटीच्या आसपास जातं.

आणि हे पाणी नुसतं बसून राहत नाही, ते वाळू पाहतं. नववी-दहावीत 'अप्रकट उष्मा' पाठ केला होता तो इथे आडवा येतो. त्वचेच्या तापमानाला एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात. समजा कपड्यांत फक्त अर्धा लिटर पाणी आहे आणि ते सगळं तुमच्या अंगाच्या उष्णतेवर वाळलं. खर्च १,२०० किलोज्यूल. बसलेल्या माणसाची १०० वॅटची कमाई तासाला ३६० किलोज्यूल. म्हणजे सव्वातीन तासांहून जास्त वेळाची सगळीच्या सगळी कमाई टीशर्ट वाळवण्यात गेली. मडक्यातलं पाणी गार होतं त्याच युक्तीने तुम्ही गार होता, फक्त मडकं तुम्ही असता.

इथे कुणीतरी विचारेल: पण ढगात तर आर्द्रता शंभर टक्के असते, मग पाणी वाळेल कसं? चांगली शंका आहे. ती शंभर टक्के आठ अंशांच्या हवेची आहे. कातडीला लागून असलेली हवा तुमच्यामुळे गरम होते, आणि गरम हवेत बाष्प मावण्याची जागा कितीतरी जास्त. म्हणून धुक्यात उभ्या माणसाच्या अंगातून वाफा निघताना दिसतात. दोरीवरचा टॉवेल तिथे वाळणार नाही, तुमच्या अंगावरचा वाळत राहील, कारण त्याच्या आत शेगडी आहे.

वाऱ्याचं काम सरळ आहे. अंगालगतची गरम हवेची पातळ साय तो सतत काढून नेतो. ब्रिटिश हवामानखातं 'जाणवणारं तापमान' सांगतं ते यावरून. वाऱ्यातल्या गारठ्याचं प्रचलित सूत्र वापरलं तर आठ अंश आणि ताशी ५० किमी वारा मिळून उघड्या चेहऱ्याला तीन अंशांसारखं वाटतं. हे सूत्र कोरड्या चेहऱ्यासाठी आहे. ओल्या हुडीसाठी कुणी सूत्र सांगत नाही, पण दिशा तुम्हाला कळली असेल.

आता तूट मोजू. समजा सगळं मिळून २५० वॅट जात आहेत आणि १०० येत आहेत. तूट १५० वॅट, तासाला ५४० किलोज्यूल. ७० किलोच्या शरीराचं तापमान एक अंशाने उतरायला साधारण २४५ किलोज्यूल जावे लागतात. म्हणजे तासाला दोन अंशांहून थोडं जास्त. प्रत्यक्षात शरीर हे इतक्या सरळपणे होऊ देत नाही. ते आधी हातापायांचा रक्तपुरवठा आवळतं, म्हणजे पोटातली आणि छातीतली उष्णता राखायला बोटांचा बळी देतं. (चेन न लागण्याचं कारण हेच.) मग थरथर सुरू करतं. थरथर ही फुकटची नसते. स्नायू काहीही काम न करता इंधन जाळतात आणि उष्णतेची कमाई काही काळ चार-पाच पटही वाढू शकते. पण तिला साखर लागते. आदल्या रात्रीपासून नीट न जेवलेला, सकाळी गाडीत दोन बिस्किटं खाल्लेला माणूस फार वेळ थरथरू शकत नाही. शरीराच्या गाभ्याचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. ३७ पासून ३५ म्हणजे दोनच अंश.

याची लक्षणं सोबत्याला दिसतात, ज्याला होतं त्याला नाही, कारण मेंदूही त्याच उष्णतेवर चालतो. अडखळणं, बरळणं, धांदरटपणा, विनाकारण चिडचिड. 'मला काही होत नाहीये, तुम्ही व्हा पुढे' हे वाक्य कुणी कुडकुडत म्हणालं तर ते ऐकू नका. आणि कुडकुडणं मध्येच थांबलं, पण ऊब तर मिळालेली नाही, अशी वेळ आली तर ती सुधारणा नसून धोक्याची खूण आहे. तेव्हा माणसाला चालवू नका, अंग चोळू नका, मदत बोलवा.

मग सह्याद्रीत आपण वर्षानुवर्षं भिजत आलो त्याचं काय? तिथे कसं काही झालं नाही? पाऊस तर तिकडे कमी नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच मीटरहून जास्त पडतो. स्नोडनच्या शेजारच्या क्रीब गोख कड्यावर, जी ब्रिटनमधल्या सर्वांत ओल्या जागांपैकी एक समजली जाते, साडेचार मीटरच्या आसपास. फरक तापमानाचा आहे. जुलैत महाबळेश्वरचा पाऊस १८-२० अंशांचा असतो. कातडी साधारण ३३ अंशांना. म्हणजे फरक १४ अंशांचा. स्नोडनवर आठ अंशांच्या पावसात तो २५ होतो, आणि उष्णता या फरकाच्या प्रमाणात जाते. म्हणजे तेवढ्याच भिजण्याला जवळजवळ पावणेदोनपट खर्च, त्यात वारा वेगळा. आणि तिकडचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो, इथला बाराही महिने येतो. ज्या अनुभवावर आपण विसंबतो तो खोटा नाही, तो १९ उत्तर अक्षांशाचा आहे. स्नोडन आहे ५३ वर. उंचीचे आकडे शेजारी ठेवून हसताना आपण हा आकडा वाचलेला नसतो.

अक्षांशाचा दुसरा फटका घड्याळाला बसतो. मुंबईत सूर्य वर्षभरात सहा ते सव्वासात-साडेसात या दरम्यानच मावळतो. 'अंधार म्हणजे सात' हे आपल्या हाडात बसलेलं असतं. लॅनबेरिसला जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या पुढे मावळतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पावणेपाचच्या आत. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं तासाने मागे जातात. शनिवारी सहाच्या सुमारास झालेला सूर्यास्त रविवारी पाचच्या आत होतो. दिवाळीच्या आसपास आपली माणसं सुट्टी काढून फिरायला निघतात ती नेमकी याच दिवसांत.

म्हणून किलोमीटर मोजू नका, तास मोजा. त्यासाठी विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजून वापरतात: नकाशावरच्या दर ५ किमीला एक तास, आणि शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. लॅनबेरिसची वाट जाऊन-येऊन सुमारे १४.५ किमी, चढाई ९७५ मीटर. अंतराचे २ तास ५४ मिनिटं, चढाईचा १ तास ३७ मिनिटं; साडेचार तास झाले. पण नेस्मिथ हा तगडा गडी होता आणि त्याच्या हिशोबात थांबणं धरलेलंच नाही. उद्यानाचे लोक सहा तास सांगतात. बरोबर लहान मुलं किंवा भारतातून आलेले आईबाबा असतील तर मी आठ धरतो. आता मँचेस्टरहून आरामात नाश्ता करून निघा, पार्किंग शोधा, अकराला चालायला लागा आणि नोव्हेंबरमध्ये आठ तास मिळवून बघा. त्यापेक्षा उलटं मोजा. सूर्यास्तातून एक तास वजा करून तेव्हा गाडीपाशी असायचं ठरवा, तिथून मागे मोजून 'इतके वाजले की जिथे असू तिथून परत' ही वेळ घरीच काढा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. माथा अर्ध्या तासावर दिसत असताना ही वेळ पाळणं अवघड जातं, हे मी अनुभवाने सांगतो. घरी ठरलेली असली तर निदान भांडण कमी होतं.

डोक्याला लावायचा दिवा प्रत्येकाकडे हवा, जूनमध्येही. फोनचा दिवा धरू नका, कारण फोन दुसऱ्या कामाला लागणार आहे आणि थंडीत लिथियमच्या बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात. खाली ४० टक्के दाखवणारा फोन वर अचानक मान टाकतो. तो आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही हे खरं, पण नकाशा आधी उतरवून घेतलेला असला पाहिजे. मी कागदाचा नकाशाही नेतो. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल १७ या भागाचा. तो मान टाकत नाही.

हवामानाचा अंदाज गावाचा बघू नका. 'लॅनबेरिस, १५ अंश, हलक्या सरी' हे शंभर मीटर उंचीवरचं हवामान आहे. हवा सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होत जाते, म्हणजे माथ्यावर नऊच्या खाली. वारा तर दरीत आणि धारेवर वेगळाच असतो. हवामानखातं डोंगरांचा वेगळा अंदाज देतं, त्यात माथ्यावरचा वारा आणि ढगांची उंची असते. मी आधी वारा बघतो, मग पाऊस. ताशी ६०-७० किमीचे झोत सांगितले असतील तर मुलांना घेऊन दरीतल्या तळ्याभोवती फिरतो. आणि स्नोडनवर बर्फ असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. हीच 'सोपी' वाट क्लॉग्विनच्या वर बर्फाने भरली की तिथला उतार थेट कड्याकडे सुटतो. तिथे बर्फाची कुऱ्हाड, बुटांना लावायचे खिळे आणि दोन्ही वापरायचा सराव लागतो. वरचा कॅफेही हिवाळ्यात बंद असतो.

आता पिशवी. पाठीवर काय न्यायचं याच्या याद्या शेकड्याने मिळतील, आणि त्यातली निम्मी दुकानदारांनी केलेली वाटतात. माझा एकच प्रश्न असतो: या वस्तूचा दोन तास एका जागी बसताना काय उपयोग? दोन तास का, तर ब्रिटनमधली माउंटन रेस्क्यूची पथकं स्वयंसेवकांची आहेत. ती पैसे घेत नाहीत, पण ती माणसं आपली कामं टाकून, गाडीने येऊन, तुमच्यापर्यंत चालत चढणार. ढग असले तर हेलिकॉप्टर येईलच असं नाही. तेव्हा दोन तास हा आशावादी आकडा झाला.

या प्रश्नाला पहिलं उत्तर कोरडा स्वेटर. चालताना घालायचाच नाही असा, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला. आणखी एक कोरडी बनियन, पॉलिएस्टरची किंवा मेरिनो लोकरीची. ओलावा फक्त पावसाचा नसतो, घामाचाही असतो. रेनकोट घालून चढलात तर आतून भिजता. म्हणून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पार्किंगमध्ये ऊबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झाला. माथ्यावर पोचलात की गार पडण्याच्या आत बनियन बदला. लाज वाटते खरी, पण तिथे सगळे आपापल्या सँडविचात गर्क असतात.

हातमोजे आणि टोपी. टोपीवरून एक गैरसमज: 'शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते.' जात नाही. डोकं हा अंगाच्या पृष्ठभागाचा सुमारे दहा टक्के भाग, आणि उघडं असेल तर साधारण तेवढ्याच प्रमाणात उष्णता घालवतं. पण बाकी सगळं झाकलेलं असताना तेवढंच उघडं राहतं, आणि झाकायला सगळ्यात स्वस्त तेच. आईने बॅगेत कोंबलेली माकडटोपी असेल तर न्या. तिच्याइतकं वाऱ्यावर नेमकं उत्तर इथल्या महागड्या दुकानांतही क्वचित मिळतं. कान, मान आणि हनुवटी एका वस्तूत.

खाण्याच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. चढताना तासाला साडेतीनशे-चारशे कॅलरी जळतात आणि थरथर सुरू झाली तर लगेच वापरता येणारी साखर हवी. शेंगदाण्याची चिक्की, गूळपापडीच्या वड्या, लाडू. गोठलेल्या बोटांनी सुटं करता येईल असं बांधून न्या. दोन लिटर पाणी थंड दिवसाला पुरतं. थर्मासमध्ये गोड चहा न्या, पण त्याने अंग गरम होतं हा भ्रम ठेवू नका: पाव लिटर गरम चहा फार तर २५-३० किलोज्यूल उष्णता देतो. त्यातली दोन चमचे साखर त्याच्या पाचपट ऊर्जा देते. बाईंनी चहात साखर का घातली ते मला नंतर घरी हिशोब केल्यावर कळलं.

बसताना पिशवीवर किंवा गुंडाळलेल्या दोरावर बसा, दगडावर नको. ओला दगड तुमची उष्णता ओढत राहतो.

आणि तो नारिंगी गोळा. त्याला ग्रुप शेल्टर म्हणतात. खांब नाहीत, तळ नाही. वारा आणि पाणी न जाऊ देणाऱ्या पातळ कापडाची मोठी टोपली समजा, जी सगळ्यांनी डोक्यावरून घेऊन कडा बुडाखाली दाबायच्या. चौघांचं शेल्टर अर्धा किलोच्या आसपास भरतं. ते काम करतं कारण वाऱ्याचा खर्च एका झटक्यात बंद होतो आणि आतल्या चार माणसांचे चारशे वॅट एका छोट्या जागेत कोंडले जातात. चमचमती पातळ चादर सगळे घेतात. ती प्रारणाने जाणारी उष्णता परतवते हे खरं, पण वाऱ्यात ती फडफडते, फाटते, आणि वाऱ्याने जाणारी उष्णता जातच राहते. एकट्याने जात असाल तर जाड प्लास्टिकची नारिंगी पिशवी घ्या, ज्यात अख्खा माणूस शिरतो. काही पौंडांत मिळते.

मदत लागली तर ९९९ किंवा ११२ फिरवून आधी 'पोलीस' आणि मग 'माउंटन रेस्क्यू' मागायचं. डोंगरात आवाज जात नाही तिथे कधीकधी मेसेज जातो. त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो. इंग्रजीत 'रजिस्टर' एवढा एकच शब्द ९९९ ला पाठवा, उत्तर येईल, त्याप्रमाणे करा. आत्ता, हे वाचतानाच होईल. शिट्टी असेल तर मिनिटभरात सहा वेळा, मग मिनिटभर गप्प, पुन्हा सहा. रात्री दिव्याने तसंच. आणि कुठून चढणार, कधी परतणार हे घरी राहिलेल्या कुणालातरी लिहून द्या; पुण्यातल्या आईला नको, ती तासाभरात काळजीने फोन करायला लागेल, इथल्या कुणालातरी.

शेल्टर विकत घेतलंत तर ते पहिल्यांदा डोंगरावर उघडू नका. घरात उघडा. आम्ही हॉलमध्ये उघडलं, मावसभाऊ, मी, बायको आणि दोन मुलं, आणि आत स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन बसलो. पाराच बघत बसलो होतो सगळे. थोड्याच वेळात मुलांना उकडायला लागलं आणि धाकटीने कापडाला असलेल्या छोट्या खिडकीतून तोंड बाहेर काढलं. मावसभाऊ मात्र बराच वेळ आतच बसून होता.